आई टिकटिक मोजून इन्सुलिन घेते

पत्र (थोडं आटोपशीर करून) :

‘माझी आई ६९ वर्षांची. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. मी पुण्यात, भाऊ सुरतला. आईला वीस वर्षांपासून शुगर आहे आणि अकरा वर्षांपासून ती मिक्स्टार्ड या इन्सुलिनचं पेन वापरते, सकाळी २४ युनिट आणि रात्री १४. शुगरमुळे डोळे गेलेत म्हटलं तरी चालेल. लेझर दोनदा झालं, माणूस ओळखते, पण बारीक काही दिसत नाही. पेनची चकती फिरवताना होणारी टिकटिक मोजून ती डोस लावते. कुणाची मदत घेत नाही.

चार महिन्यांपासून पेनातली कार्ट्रिज, म्हणजे पेनात घालायच्या इन्सुलिनच्या भरलेल्या नळ्या, मिळेनाशी झालीत. मेडिकलवाला म्हणतो, कंपनीनंच बंद केलंय. बार्शी, सोलापूर, पुणे, सगळीकडे विचारून झालं. एका दुकानात म्हणाले, “हे घ्या, हेही तीसच आहे, तुमच्याच पेनात बसतं.” किंमत बरीच जास्त. मी घेऊन ठेवलंय, पण आईला अजून दिलेलं नाही. मामेभाऊ म्हणतो, बाटली आणि सिरिंज घे. आईला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. त्याच्या घरी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज पडून आहेत, ती आईच्या पेनात बसत नाहीत. तो म्हणतो, त्यातलंच सिरिंजनं ओढून देत जाऊ.

गेल्या आठवड्यात गावी गेले तर दीड कार्ट्रिज शिल्लक. हिशेबानं ते केव्हाच संपायला हवं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, महिनाभर ती रात्रीचं इन्सुलिन घेतच नाहीये. “पुरवून पुरवून वापरतेय गं, तू नको काळजी करू.” मी तिच्यावर ओरडले. मग स्वतःच रडत बसले. आता काय करू? आणि हे असं बंद करता येतं का, कुणी विचारणारं आहे की नाही?’
एक मुलगी, पुणे

उत्तर :

सगळ्यात आधी त्या रात्रीच्या १४ युनिटांचं बोलू. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

आईंच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि ‘औषध मिळत नाहीये’ एवढंच सांगून थांबू नका. ‘महिनाभर रात्रीचा डोस बंद आहे’ हे वाक्य जसंच्या तसं सांगा. पहिलं वाक्य डॉक्टर दिवसातून वीसदा ऐकतात, दुसरं ऐकलं की ते हातातलं पेन खाली ठेवतील. रात्रीचा डोस पुन्हा किती युनिटांपासून सुरू करायचा हे त्यांनाच ठरवू दे, कारण या महिन्यात आईंनी भीतीनं जेवणही कमी केलं असेल. साखर वाढते म्हणून रात्री भाकरी निम्मी करणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. फोन करण्याआधी उपाशीपोटीची आणि रात्रीच्या जेवणाआधीची साखर ग्लुकोमीटरवर मोजून घ्या. शेजारच्या कुणालाही फोनवरून सांगून मोजता येते. साखर ३०० च्या वर असेल आणि सोबत उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी यांपैकी काही असेल, तर फोन, कार्ट्रिज, पेन सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट, जी तुम्हाला घाबरलेल्या मनानं दिसली नसेल. तुमच्याकडे वेळ आहे. दीड कार्ट्रिज म्हणजे ४५० युनिट. रोजचे ३८, आणि दर वेळी सुई तपासायला हवेत सोडायचे दोन धरले तर ४२. दहा दिवस निघतात, पूर्ण डोस घेऊन. जे शिल्लक आहे ते पुरवून वापरायचं नाही, नीट वापरायचं आणि त्या दहा दिवसांत पुढची सोय लावायची. आईंनाही हे असंच सांगा. माल किती आहे हे कळलं की माणूस निम्मा शांत होतो. त्यांनी जी काटकसर केली ती अंधारात केली, किती दिवस पुरवायचंय हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता नेमकं काय बंद झालं ते. २०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीनं भारतात मानवी इन्सुलिनची (माणसाच्या शरीरात तयार होतं तसंच, पण कारखान्यात बनवलेलं इन्सुलिन) पेनमध्ये वापरायची उत्पादनं टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरवलं. मिक्स्टार्ड, अॅक्ट्रापिड, इन्सुलाटार्ड या तिन्हींची कार्ट्रिज त्यात आली. याच नावांच्या काचेच्या बाटल्या मात्र चालू राहणार असं सांगितलं. म्हणजे तुमच्या आईंच्या अंगात जाणारं इन्सुलिन जगातून नाहीसं झालेलं नाही. ज्या रूपात ते त्यांच्या हाताला जमत होतं, ते रूप गेलं. हे आपल्याकडेच झालं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत २०२४ मध्ये सरकारी दवाखान्यांना होणारा मानवी इन्सुलिन पेनांचा पुरवठा याच कंपनीनं पुढे चालू ठेवला नाही आणि तिथल्या रुग्णांना पेन सोडून बाटली-सिरिंजकडे वळावं लागलं. वजन कमी करणारी, मधुमेहाची नवी महागडी औषधंही तसल्याच पेनांत भरली जातात आणि त्यांना जगभर मागणी आहे, हे तेव्हा ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’सारख्या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थांनी उघडपणे बोलून दाखवलं होतं.

मला या गोष्टीचं वाईट वाटतं त्याला एक जुनं कारण आहे. या कंपनीचं मूळ एका रुग्णाच्या गरजेत आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर होती आणि तिला मधुमेह होता. १९२२ मध्ये क्रोग दांपत्य अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना कॅनडातल्या इन्सुलिनच्या शोधाबद्दल कळलं. क्रोग टोरांटोला गेले, तिथून परवानगी घेऊन परतले आणि डेन्मार्कमध्ये इन्सुलिन तयार व्हायला लागलं. एका घरातल्या बाईला औषध हवं होतं, तिथून सुरुवात. तुमच्या आईंना वाटतंय की एका म्हातारीच्या पेनसाठी कोण एवढं बघतंय. बघितलं जायला हवं. असं बघण्यातूनच ही औषधं आली.

असो. दुकानदारानं दिलेल्या त्या कार्ट्रिजकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त भीती त्याची वाटते. ते तुम्ही आईंना दिलं नाहीत, फार शहाणपणा केलात. ‘हेही तीसच आहे’ हे खरं आहे आणि फसवंही आहे. मिक्स्टार्डमध्ये ३० टक्के साधं मानवी इन्सुलिन आणि ७० टक्के सावकाश उतरणारं असतं. तुम्हाला दिलेल्या कार्ट्रिजमध्येही तीस-सत्तर असंच गणित आहे, पण त्यातलं इन्सुलिन वेगळ्या जातीचं आहे. तीस टक्के असतं ते अॅस्पार्ट नावाचं, झटपट उतरणारं. मिक्स्टार्ड जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. हे अगदी पानावर बसताना. आता विचार करा. अकरा वर्षांच्या सवयीनं आई इन्सुलिन टोचणार, मग चूल पेटवणार, गाईला पेंड घालणार, आणि अर्ध्या तासानं जेवायला बसणार. तोवर नव्या इन्सुलिननं साखर खाली खेचायला सुरुवात केलेली असेल. घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आणि घरात दुसरं माणूस नाही.

हे कार्ट्रिज वाईट नाही. चांगलं औषध आहे, हजारो लोक घेतात. डॉक्टरांनी डोस आणि वेळ नव्यानं लावून दिली तर आईंनाही चालेल. त्याचा एक मोठा फायदाही आहे, की ते आईंच्या जुन्या पेनात बसतं, टिकटिक तीच राहते. धोकाही तिथंच आहे. पेन तेच, चकती तीच, आवाज तोच, आणि आतलं औषध वेगळं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला हा बदल कुठूनच कळत नाही.

म्हणजे तुमच्यापुढे खरा प्रश्न हा आहे : पेन तेच ठेवायचं, की इन्सुलिन तेच ठेवायचं? इन्सुलिन तेच ठेवून पेन बदलता येतं. मानवी इन्सुलिनचं ३०/७० मिश्रण कार्ट्रिजमध्ये इतर कंपन्याही करत आल्या आहेत. बायोकॉनचं इन्सुजेन, लिलीचं ह्युमिन्सुलिन, वोकहार्टचं वोसुलिन. (यातलं शेवटचं तर आपल्या छत्रपती संभाजीनगरचं म्हणायला हरकत नाही.) पण प्रत्येकाचं कार्ट्रिज त्याच्याच पेनात घालायचं, कारण मापात केसभर फरक असला तरी डोस चुकतो. म्हणून कार्ट्रिजसोबत पेनही नवं लागेल.

दुकानात विचारताना ‘मिक्स्टार्डचं पेन आहे का’ असं विचारलंत की उत्तर ‘नाही’ हेच येणार. तुम्ही चार महिने बहुधा हेच विचारत फिरलात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ नाव लिहून घ्या : मानवी इन्सुलिन ३०/७०, १०० युनिट प्रति मिली, ३ मिलीचं कार्ट्रिज, आणि त्याला बसणारं पेन. ही चिठ्ठी घेऊन किरकोळ दुकानं पालथी घालू नका. तुमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला सांगा, सोलापूरच्या स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) फोन लावून कुठल्या कंपनीचा माल दर महिन्याला नेमानं येतो ते विचार. नेमानं, हा शब्द महत्त्वाचा. एकदा मिळालेल्या चार कार्ट्रिजवर आईंचं पेन बदलू नका. चार महिन्यांनी पुन्हा हेच पत्र लिहायची वेळ येईल.

माझा स्वतःचा कल इन्सुलिन तेच ठेवून पेन बदलण्याकडे आहे. औषधाच्या काउंटरमागे मी ३१ वर्षं उभी होते. तिथं एक गोष्ट मनात पक्की बसली, की जो बदल हाताला कळतो तो माणूस सांभाळून घेतो. नवं पेन हातात घेतल्याबरोबर आईंना कळेल की हे वेगळं आहे, त्या जपून वागतील, चार वेळा विचारतील. अर्ध्या तासाची जुनी शिस्त जशीच्या तशी कामाला येईल आणि खर्चही आटोक्यात राहील. पण बार्शीत त्या कार्ट्रिजचा पुरवठाच धड नसेल, किंवा रात्री साखर उतरते म्हणून डॉक्टरांना नाहीतरी इन्सुलिन बदलायचंच असेल, तर पेन तेच ठेवण्याचा मार्ग धरा. निर्णय डॉक्टरांचा. मात्र काहीही ठरलं तरी दोन प्रकारची कार्ट्रिज एका घरात नकोत. तुम्ही घेऊन ठेवलेलं ते कार्ट्रिज गावी नेऊच नका.

आता मामेभावाचा सल्ला. त्याला प्रेमानं पण ठामपणे ‘नाही’ म्हणा, आणि का ते समजावून सांगा, कारण तो हा सल्ला उद्या आणखी कुणाला देईल. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट असतात, कार्ट्रिजमध्ये १००. बाटलीची सिरिंज लाल टोपीची, तिच्या रेघा ४० च्या हिशेबानं आखलेल्या. त्या सिरिंजनं कार्ट्रिजमधलं इन्सुलिन २४ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर सिरिंजमध्ये २४ नव्हे, ६० युनिट येतात. अडीचपट. उलट, १०० ची नारिंगी टोपीची सिरिंज घेऊन बाटलीतलं २४ पर्यंत ओढलं तर जेमतेम साडेनऊ युनिट जातात आणि साखर चढत राहते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. खूप वर्षांपूर्वी एका गृहस्थांचं पेन अडकलं. त्यांनी संध्याकाळी माझ्याच दुकानातून लाल टोपीची सिरिंज नेली, कार्ट्रिजमधून वीस रेघा ओढून वडिलांना दिलं. पन्नास युनिट गेले. रात्री दोनला वडील घामानं निथळत बेशुद्ध सापडले. वेळेवर दवाखान्यात पोचले म्हणून वाचले. सिरिंज मी दिली होती आणि ती कशासाठी हवीय हे मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून इन्सुलिनची सिरिंज मागणाऱ्या प्रत्येकाला ‘बाटली दाखवा’ म्हणायला लागले. लोक वैतागायचे. वैतागू देत.

बाटलीला मात्र मी नावं ठेवणार नाही. बाटलीतलं इन्सुलिन उतरत्या दर्जाचं असतं असा एक समज पसरलाय, तो काढून टाका. औषध तेच आहे, आणि कार्ट्रिजपेक्षा बरंच स्वस्त पडतं. बाटली १० मिलीची, म्हणजे ४०० युनिट. जनऔषधी केंद्रातही विचारा, आणि ग्रामीण रुग्णालयात मधुमेह-रक्तदाबाची ओपीडी असते तिथंही विचारा, सरकारी पुरवठ्यातून बाटल्या मिळू शकतात. नव्या पेनची सोय लागेपर्यंत मधले काही दिवस बाटलीवर काढावे लागले तर घाबरू नका. तेवढ्यापुरतं सिरिंज भरून देणारं माणूस हवं. गावातली आशाताई किंवा उपकेंद्रातली नर्स यांना भेटा. डॉक्टरांची संमती असेल तर त्या काही दिवसांच्या सिरिंज एकदम भरून ठेवू शकतात. त्या फ्रिजमध्ये सुई वर करून उभ्या ठेवायच्या, सकाळच्या एका डब्यात आणि रात्रीच्या दुसऱ्या डब्यात. डबे हाताला वेगळे लागतील असे घ्या, एक स्टीलचा, एक प्लॅस्टिकचा.

टिकटिकीबद्दल मला तुमच्याशी खरं बोललं पाहिजे. तुमच्या आईंनी अकरा वर्षं कान लावून जे निभावलं त्याला मी मनापासून दाद देते. पण पेनसोबत येणाऱ्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की टिका मोजून डोस ठरवू नका, खिडकीतला आकडा बघा. कारण चकती मागे-पुढे झाली की मोजणी चुकते, आणि कार्ट्रिज संपत आलं असेल तर वेगळाच घोळ होतो. म्हणजे बंद झालेलं पेनसुद्धा त्यांच्यासाठी पुरतं सुरक्षित नव्हतं. आता पेन बदलायचंच आहे, तर ही फट बुजवून टाका. टिका आईंनीच मोजायच्या, फक्त टोचण्याआधी दुसऱ्या दोन डोळ्यांनी आकडा बघायचा. तुमच्या फोनचे डोळे चालतील. सकाळी आणि संध्याकाळी एक मिनिटाचा व्हिडिओ कॉल, आई पेनची खिडकी फोनसमोर धरतील, तुम्ही ‘चोवीस’ म्हणाल, झालं. रेंज नसेल त्या दिवसासाठी शेजारचं शाळेत जाणारं एखादं पोर गाठून ठेवा. आकडा वाचायला दुसरी-तिसरीतलं मूलही पुरतं.

नवं पेन घेताना दुकानातच उघडून बघा, एका टिकेला एक युनिटच सरकतं ना. काही पेनांत अर्ध्या युनिटाची टिक असते, लहान मुलांसाठी. ते चुकून हातात आलं तर आईंचा डोस निम्मा होईल. आणि मिश्रण ढवळण्याचं विसरू नका. हे इन्सुलिन तळाशी बसतं. तळहातांत दहा वेळा घोळवायचं, मग दहा वेळा खाली-वर करायचं. एकसारखं दुधाळ झालंय का हे आईंना दिसणार नाही, पण मोजण्यात त्या पक्क्या आहेतच.

साठ्याबद्दल थोडक्यात. मिळेल तिथून वीस कार्ट्रिज उचलायचा मोह होईल. दोन महिन्यांचं ठेवा, जास्त नको. गावात वीज किती वेळ असते ते तुम्हाला माहीत आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात किंवा भाजीच्या कप्प्याजवळ, बर्फाच्या खणापासून लांब. एकदा गोठलं की टाकून द्यायचं, वितळलं तरी वापरायचं नाही. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण सोलापूरकडचा उन्हाळा म्हणजे मडक्याची सोय करा. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात घालून ठेवलं तर बरीच उष्णता टळते. पुण्याहून एसटीच्या पार्सलनं इन्सुलिन पाठवू नका. टपावर, इंजिनाजवळ, कुठं पडेल सांगता येत नाही. स्वतः न्या, थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता. आणि व्हॉट्सअॅपवर ‘जुना स्टॉक आहे’ म्हणणाऱ्या कुणाकडूनही घेऊ नका. बिल, बॅच नंबर आणि फ्रिजमधून काढून दिलेला माल, या तिन्हींशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंयत, की हे असं बंद करता येतं का, कुणी विचारणारं आहे की नाही. आहे, पण अपुरं. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, अनुसूचीतल्या, म्हणजे किंमत नियंत्रणाच्या सरकारी यादीतल्या औषधाचं उत्पादन थांबवायचं असेल तर कंपनीला किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकारला कळवावं लागतं. लोकहितासाठी गरज वाटली तर सरकार तिला एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. फट इथं पडते, की बाटली बाजारात आहे, दुसऱ्या कंपन्यांचा माल आहे, म्हणून कागदावर औषध ‘उपलब्ध’ ठरतं. ते घेणाऱ्या हाताला बाटली जमते का, डोळ्यांना रेघा दिसतात का, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. म्हणूनच ही नोंद आपण करून द्यायची.

राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाची मोफत हेल्पलाइन आहे, १८०० १११ २५५. औषध न मिळण्याच्या तक्रारींसाठी त्यांनी २०१५ मध्ये ‘फार्मा जन समाधान’ नावाची सोयही सुरू केली. तिथं लिहा, आणि सोलापूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयालाही लेखी द्या. रागाचा कागद देऊ नका, हिशेबाचा द्या. औषधाचं नाव आणि ताकद, कोणत्या तारखेपासून मिळत नाही, कोणत्या गावांत विचारलं, दुकानदार काय म्हणाले. आणि एक ओळ ठळक : ‘रुग्णाला दृष्टिदोष आहे, बाटली व सिरिंज स्वतः वापरणं शक्य नाही, औषधाअभावी एक महिना रात्रीचा डोस बंद राहिला.’ सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. या कागदानं आईंचं कार्ट्रिज उद्या घरी येणार नाही. पण तुमच्यासारखी हजारो घरं गप्प बसून दुसरं पेन शोधतात, आणि वरच्या टेबलावर ‘एकही तक्रार नाही’ अशी स्थिती राहते. तुमच्या मेडिकलवाल्यालाही सोबत घ्या. केमिस्टांच्या तालुका संघटनेनं लिहिलं की वजन पडतं, आणि तोही बिचारा रोज ‘नाही, नाही’ म्हणून कंटाळलेला असतो.

राहिलं ते तुमचं ओरडणं. लेकी ओरडतातच, आया ते लक्षातही ठेवत नाहीत. पण आई का बोलल्या नाहीत हे समजून घ्या. त्यांना वाटलं असेल, पेन गेलं म्हणजे आता रोज कुणीतरी टोचायला लागणार, कुणाच्या तरी दारी जावं लागणार, नाहीतर लेकीकडे पुण्याला राहायला जावं लागणार. घर, गाय, अंगण सगळं सुटणार. रात्रीचे चौदा युनिट सोडून त्यांनी स्वतःच्या घरातले काही महिने विकत घ्यायचा प्रयत्न केला. तेव्हा या वेळी गावी गेलात की ‘का घेतलं नाहीस’ असं विचारू नका. ‘आई, पेन बदलायचंय, तुला कुठलं हातात नीट बसतं ते तूच सांग’ असं म्हणा. डॉक्टरांकडे त्यांना सोबत न्या, बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत न्या. नवं पेन पहिल्यांदा त्यांच्याच हातात द्या.

आणि जुनं पेन इतक्यात टाकू नका. रिकामंच, सुईशिवाय, नव्या पेनशेजारी ठेवा. एकदा या पेनची चकती चोवीसपर्यंत फिरवायची, एकदा त्या पेनची. आवाजात काय फरक आहे, चकती जड लागते की हलकी, हे आईंना बोटांनी कळू दे. दिवसातून चार-पाच वेळा, तीन दिवस. तुम्ही समोर बसून खिडकीतला आकडा वाचा. सलग दहा वेळा त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला की जुनं कार्ट्रिज संपायच्या आत, दिवसा, तुम्ही घरात असताना नव्या पेनानं पहिला डोस द्या. त्या रात्री तिथंच मुक्काम करा, झोपायच्या आधी आणि पहाटे तीनला एकदा साखर मोजा, उशाशी साखरेचा डबा ठेवा. पुढचे पंधरा दिवस रोजचे आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. मलाही कळवा.